जून खोटं बोलत नाही

मी एक जुनी वेल आहे, पण मला शोधायला मान वर करू नका, मित्रांनो. खाली बघा, आपल्या बुटाच्या टोकापाशी. मी मांडवावर चढणारी वेल नव्हे. मी गवतात अंग टाकून सरपटणारी, तीन-तीन पानांची, पांढऱ्या गोंड्याची. माझं नाव क्लोव्हर. वय विचाराल तर माझं मलाच नीट आठवत नाही. ज्या गाईच्या शेणातून माझं बी या कुरणात पडलं, तिच्या पणतीची पणतीसुद्धा आता म्हातारी झाली आहे.

हो, शेणातून. नाक मुरडू नका. गाईच्या पोटात सगळं पचतं, माझं बी पचत नाही. ते फिरून येतं आणि खत सोबत घेऊनच येतं. माणसांची बाळं जन्माला येताना एवढी शिदोरी आणत नाहीत.

मी वाढते कशी, तेही आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. माझ्या अंगावरचं एखादं पेर मातीला टेकलं की तिथे मूळ धरतं. मग तिथून पुढचं, मग त्याच्या पुढचं. मी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे मला सांगता येत नाही. माझा एक तुकडा तोडून नेला, तर गेली तीही मीच आणि मागे राहिली तीही मीच.

माझं कुरण आयर्लंडच्या पश्चिमेला, नॉकवारा वाडीत, फेस्टी नावाच्या माणसाचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दगडावर दगड रचलेली भिंत आणि त्या भिंतीत पलीकडे जायला एक दगडी पायरी. फेस्टीच्या चार गाई. त्यांना मी फार आवडते. माझ्या मुळांना बारीक गाठी असतात, त्यांतून जमिनीला खत मिळतं, त्यामुळे शेजारचं गवतही माझ्या जिवावर माजतं. मधमाश्या उन्हाळाभर माझ्याकडेच मुक्कामाला असतात. एवढं सगळं करून कुणी कधी "शाबास" म्हटलं नाही, पण मी कुरकुर केली नाही. फारशी नाही.

"शाबास" म्हणणारी एकच होती. फेस्टीची मुलगी सॅबिना. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर ती शाळेतून आली की घरात न जाता थेट कुरणात यायची, माझ्याशेजारी पालथी पडायची, माझ्या गोंड्यातली एकेक पाकळी उपटून तिचं बूड चोखायची. त्या बुडाशी मधाचा एक थेंब असतो. मधमाश्यांना ते आवडायचं नाही, मला आवडायचं.

"सॅबिना, गाईचा घास खाऊ नकोस!" फेस्टी गोठ्यातून ओरडायचा.

"गाईला विचारलंय, बाबा! ती म्हणाली, खा!"

"मग दूधही तूच दे संध्याकाळी."

असे ते दोघं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एकमेकांशी जरा जास्तच बोलायचे.

आता माझं दुःख सांगते. इथल्या लोकांच्या संत पॅट्रिकचा सण सतरा मार्चला येतो. त्या दिवशी जो तो कोटावर शॅमरॉकची डहाळी लावतो आणि देवळात जातो. ज्यांचं माणूस परदेशी असेल, ते आठवडाभर आधी ओल्या शेवाळात शॅमरॉक गुंडाळून टपालाने पाठवतात. शॅमरॉक म्हणजे माझीच चुलत बहीण. तिलाही तीनच पानं. पण ती नाजूक, कोवळी, हलक्या मातीत भिंतीच्या आडोशाने वाढणारी. माझ्या पानावर एक फिकट पांढरट पट्टा असतो, तिच्या पानावर नसतो. मार्चमध्ये आम्ही दोघी बारीकच असतो, त्यामुळे भल्याभल्यांना फरक कळत नाही. लोक हौसेने मला खुडून नेतात आणि कुणीतरी जाणता म्हणतो, "अरे, हे तर क्लोव्हर!" मग मला रस्त्यावर फेकतात. वर्षभर गाईंना पोसणारी मी, आणि त्या एका दिवशी मी खोटी!

आमच्या वाडीतला तो जाणता म्हणजे फेस्टी. त्याच्या नजरेला कधी चूक नाही. सणाच्या आधी लोक टोप्यांतून डहाळ्या आणून त्याच्या दारात उभे राहायचे. तो एकेक पान उजेडाकडे धरायचा आणि निकाल द्यायचा. शेजारची डीलिया एकदा मोठ्या दिमाखात ओंजळभर शॅमरॉक घेऊन आली. ती मी होते.

"डीलिया, हे गाईला घाल," फेस्टी म्हणाला.

"तीन पानं आहेत की! मोजता येत नाही का तुला?"

"तीन पायांचं तर स्टूलही असतं. ते लावशील का कोटावर?"

"तूच देवाचा मुनीम लागून गेलास! कशावरून हे खोटं?"

"लावून बघ मग. खरी शॅमरॉक फुलते तीसुद्धा लाजत. पिवळं फूल, टाचणीच्या टोकाएवढं. जून खोटं बोलत नाही."

डीलियाने हट्टाने मला फुटक्या मगात लावलं आणि खिडकीत ठेवलं. जूनमध्ये मी चांगली घसघशीत पांढरी फुलले. सगळी वाडी हसली. "फुललं तर फुललं," डीलिया म्हणाली. "तुझ्या त्या शॅमरॉकसारखं कुढत तर नाही बसलं!" पण त्या दिवसापासून आम्हा बहिणींतला फरक तिला पक्का कळला. आणि वाडीत म्हणच पडली. कुणी लग्नाची बढाई मारली, कुणी बैलाची, कुणी मुलाच्या हुशारीची, की लोक म्हणायचे, "लावून बघ. जून खोटं बोलत नाही."

सॅबिना एकोणिसाव्या वर्षी नर्स व्हायला इंग्लंडला, कॉव्हेंट्री गावी गेली. जाण्याच्या दिवशी ती पेटी घेऊन पायरीवरून उतरली, वाकली आणि माझा एक गोंडा तोडून तोंडात टाकला. बस गेल्यावर फेस्टी पायरीवर बराच वेळ बसून राहिला.

तेव्हापासून दर मार्चला तो तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत शेवाळ घालून तिला शॅमरॉक पाठवू लागला. मुळासकट पाठवायचा, कारण सॅबिना सणाला एक डहाळी कोटावर लावायची आणि उरलेलं कुंडीत. जूनमध्ये तिचं पत्र यायचं, "पिवळं आलं, बाबा." सतरा वर्षं हा नेम चालला. डबी पायरीखालच्या हलक्या मातीतून भरली जायची. मी तिथून चार हातांवर, फाटकाच्या बाजूला. मला कधी कुणी डबीत घातलं नाही.

मग फेस्टीचे डोळे जायला लागले.

हे सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण जमिनीलगत राहणाऱ्याला माणसाचे पाय वाचता येतात. आधी तो पाऊल टाकताना थबकू लागला. मग काट्यांतून चालू लागला. मग बारीक आवाजात मोजू लागला. फाटकापासून पायरीपर्यंत एकोणीस पावलं. गोठ्यापासून दारापर्यंत एकतीस. सगळं कुरण त्याने पायांत पाठ करून घेतलं. बाकी ऐट तशीच. कुणी भेटलं की हवेवर बोलायचं, पाऊस येणार म्हणायचं, आणि इथे पाऊस येणार म्हणणारा कधी चुकत नाही.

दोन वर्षं त्याने हे निभावलं. सॅबिना नेहमी एकाआड एक ऑगस्टला यायची. त्या खेपेला वॉर्डात माणसं कमी पडली म्हणून तिचं येणं हुकलं. ती येत नाही कळल्यावर फेस्टीने सुटकेचा श्वास सोडला. ज्या माणसाने सतरा वर्षं तिच्या येण्याचे दिवस मोजले, तो ती न आल्याने सुटला. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

अखेर बिंग फोडलं ते डीलियाच्या गाढवाने. शरदातली सकाळ होती. गाढव फाटकाशी बांधलेलं. फेस्टी मोजत मोजत आला, काहीतरी करडं, रुंद, स्वस्थ उभं दिसलं, तशी त्याने टोपी उचलली.

"सुप्रभात, डीलिया. आज लवकर?"

"मी इकडे आहे," मागून डीलिया म्हणाली. तिच्या हातात दुधाची बादली होती. "फेस्टी, तू गाढवाला नमस्कार केलास."

"तुझ्यापेक्षा ते शांत असतं म्हणून केला."

पण डीलिया हसली नाही. तिने बादली खाली ठेवली आणि त्याच्या तोंडासमोर हात हलवला. "कधीपासून?"

फेस्टीने आधी बोलणं उडवून लावलं. मग चिडला. मग पायरीवर बसला, आणि मित्रांनो, मी त्याला इतक्या वर्षांत प्रथमच भ्यालेला पाहिलं.

"माझ्या बापाचे डोळे गेले तेव्हा मी तेवीसचा होतो," तो म्हणाला. "त्याला शहरातल्या त्या म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन ठेवला. एका खोलीत चाळीस खाटा. दर रविवारी भेटायला गेलो की तो एकच विचारायचा, गाई कुठल्या कुरणात आहेत? एका हिवाळ्यात गेला. मला तिथे जायचं नाही, डीलिया. मी इथे एकतीस पावलांत सुखी आहे."

"सॅबिनाला कळव. ती नर्स आहे."

"तिला कळलं तर ती नोकरी सोडून येईल, नाहीतर मला उचलून नेईल. दोन्हींत वाटोळंच आहे. तू कुणाला सांगायचं नाहीस. शपथ घे. आईच्या जपमाळेची घे."

डीलिया खूप भांडली. शेवटी रडत रडत तिने शपथ घेतली. त्या दिवसापासून फेस्टीची पत्रं तीच लिहू लागली. "हाताला वात आहे, म्हणून डीलिया लिहिते," असं पहिल्याच पत्रात त्याने घालायला लावलं. तो सांगेल तेवढंच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही, अशीही अट. चहाड्या सांगायला आणि निरोप द्यायला जन्मलेली बाई ती! तिला हे किती जड गेलं असेल, ते मला विचारा. ती माझ्या शेजारी गाढवाला चरायला सोडायची आणि त्याच्याकडेच मन मोकळं करायची.

जानेवारीत मोठं वादळ झालं. भिंतीचा एक भाग ढासळला, पायरीसकट. डीलियाचा भाऊ मॅटी येऊन भिंत रचून गेला. चांगलं काम केलं, पण पायरी त्याने चार हात अलीकडे बसवली, कारण तिथे जमीन घट्ट होती. डोळस माणसाला ते सांगायची गरज नव्हती. बघितलं की कळत होतं. आणि फेस्टी डोळस आहे असंच मॅटी समजत होता.

म्हणजे मित्रांनो, नवी पायरी बसली ती नेमकी माझ्या उशाशी.

मार्चचा पहिला आठवडा आला. फेस्टी डबी घेऊन निघाला. यंदा सोळाव्या पावलालाच त्याच्या काठीला दगड लागला. तो चमकला. पुन्हा फाटकाशी गेला, पुन्हा मोजलं, पुन्हा सोळा. "पावलं लांब पडायला लागली की काय," तो पुटपुटला, आणि नेहमीसारखा पायरीशी गुडघ्यांवर बसला. बोटं गवतात फिरू लागली. दगडाच्या बुडाशी त्यांना बारीक पानं लागली. एक, दोन, तीन.

"सापडलीस," तो म्हणाला.

तो आवाज मी विसरणार नाही. इतका आनंद झाला होता त्याला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी ती नव्हे! मला गाईला घाला! पण वेलींना तोंड नसतं. त्याने खिशातल्या चाकूने मला मुळासकट अलगद उचललं.

नेमकी तेव्हा डीलिया भिंतीपलीकडून आली. "आण, डबी मी भरते. पोस्टात जातेच आहे." तिने मला हातात घेतलं. शेवाळात ठेवता ठेवता ती थांबली. तिने माझं एक पान अंगठ्याने सपाट केलं, त्यावरचा पांढरट पट्टा बघितला, मग पायरीकडे बघितलं, मग फेस्टीकडे. तिचं तोंड उघडलं.

"काय झालं?" फेस्टीने विचारलं. "चांगली नाही का?"

डीलियाने तोंड मिटलं. "छान आहे," ती म्हणाली. तिने माझ्या मुळांभोवती दुप्पट शेवाळ दाबून भरलं, थोडी मातीही घातली आणि झाकण लावलं.

टपालाची थैली, बोट, आगगाडी, पुन्हा थैली. त्या प्रवासाचं वर्णन मला करता येणार नाही, मी डबीत होते. झाकण उघडलं तेव्हा वर सॅबिनाचा चेहरा होता. कपाळावर दोन आठ्या आल्या होत्या, बाकी तीच. तिने आधी डबीत नाक घातलं आणि डोळे मिटून वास घेतला.

सणाच्या सकाळी तिने माझी एक डहाळी कोटाला लावली. पाच दिवसांच्या काळोखाने पानं पिवळी पडली होती, पट्टा धड दिसत नव्हता. तिच्या खोलीत तिच्यासोबत राहणारी कन्सेप्टाही नर्सच, आयर्लंडमधल्याच मेयो परगण्याची. ती जवळ येऊन बघू लागली.

"अगं बाई! हे क्लोव्हर आहे."

"डोळे तपासून घे."

"आमच्या मेयोत असलं डुकरांना घालतात!"

"तुमच्या मेयोत शॅमरॉक सोडा, चुलीत जाळायचं टर्फसुद्धा उसनं आणतात. हे माझ्या बाबांनी खुडलंय, कन्सेप्टा. सगळी वाडी त्यांना विचारून कोटावर डहाळी लावते. त्यांच्या नजरेची चूक कधी झाली नाही."

"मग लाव कुंडीत. जूनमध्ये बोलू."

"बोलूच. जून खोटं बोलत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती देवळात सगळ्यांसमोर मान ताठ ठेवून बसली आणि मी तिच्या कोटावर होते, खोटी. मित्रांनो, त्या वसंतात मी न फुलण्याचा फार प्रयत्न केला. मला वाटलं, मी फुलले तर एका बापाची लाज जाईल. पण खिडकीत ऊन होतं, सॅबिना रोज पाणी घालत होती, आणि फुलणं काही कुणाच्या हातात नसतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी फुलले. पांढरी.

"हरलीस!" कन्सेप्टा टाळी वाजवून ओरडली. "कळव तुझ्या बाबांना! म्हणावं, नजर गेली तुमची!"

ती गंमतीत बोलली होती. सॅबिना हसत वळली, आणि तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. ती खिडकीशी आली. माझा गोंडा तिने दोन बोटांत धरला. मग ती खाटेखालून पत्रांचं पुडकं काढून एकेक पत्र बघू लागली. शरदापासूनची सगळी डीलियाच्या हातची. हाताला वात आहे. ऑगस्टला आली नाहीस ते बरं केलंस, पाऊसच फार. तुझा फोटो मिळाला, छान आहे. फोटोत सॅबिनाने केस कापून टाकले होते, त्यावर एक अक्षर नव्हतं. आणि तिच्या लांब केसांवरून आयुष्यभर बढाई मारणारा बाप तो!

तिने माझी एक पाकळी उपटून तिचं बूड चोखलं, लहानपणीसारखं. मग ती खाटेच्या कडेवर बसून रडली.

"अगं, मी थट्टा केली," कन्सेप्टा घाबरून म्हणाली.

"माहीत आहे. पण तू खरं बोललीस."

तीन दिवसांत ती निघाली. मी कुंडीसकट तिच्या मांडीवर.

फेस्टीने तिची पावलं वाटेवरच ओळखली. दारात येऊन त्याने हात पसरले, अगदी बरोबर दिशेने. घरात नेलं, किटली ठेवली, कप काढले, एक थेंब न सांडता चहा ओतला. पाव कापला. लोण्याचं भांडं तिच्या पुढ्यात सरकवलं. इतकं सफाईने की सॅबिना क्षणभर घोटाळली. मला वाटलं, हा म्हातारा निभावून नेतो की काय! त्याच्यासाठी मला आनंद व्हावा की भीती वाटावी, तेच कळेना.

"सुट्टी अचानक कशी मिळाली?" त्याने विचारलं.

"यंदाची शॅमरॉक दाखवायला आणलीय, बाबा." तिने कुंडी टेबलावर ठेवली.

"फुलली का? बघू." फेस्टी हसला आणि त्याने हात पुढे केला. "पिवळं आलंच असेल, टाचणीच्या—"

त्याची बोटं माझ्या गोंड्यावर आली आणि थांबली. मग गोंड्याभोवती फिरली. एकदा, दोनदा. चांगला बोराएवढा होता. कपातला चहा निवत होता. दारात डीलिया येऊन उभी राहिली होती, तिनेही पाऊल आत टाकलं नाही.

"केवढं मोठं आहे हे," फेस्टी म्हणाला.

"हो."

"सॅबिना." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "रंग कोणता आहे गं?"

"पांढरा, बाबा."

फेस्टीने हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे करून माझ्यावर ठेवला, जणू मलाच धीर देत होता. "हे तू कोटावर लावलंस? सगळ्यांसमोर?"

"लावलं. भांडलेसुद्धा त्याच्यावरून."

"माझी शोभा केलीस गं पोरी."

"तुमची नाही. माझी. इतकी वर्षं नुसत्या डब्या घेत राहिले. दोन वर्षं तुम्ही अंधारात चाचपडत होतात आणि मी वाचत होते, पाऊस फार आहे."

फेस्टी दाराकडे वळला. "डीलिया, तू आहेस ना तिथे? सांगितलंस तू हिला?"

"आईच्या जपमाळेची शपथ, एक शब्द नाही!" डीलिया आत येऊन म्हणाली. "मी फक्त डबीचं झाकण लावलं."

"तुला दिसलं होतं."

"मला डोळे आहेत, फेस्टी. आणि तो फुटका मग अजून माझ्या खिडकीत आहे."

मग फेस्टी हसू लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. "मला त्या घरात नेऊ नका," तो म्हणाला. "चाळीस खाटा आहेत तिथे."

सॅबिना उठली, त्याची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे केलं, जसा तो पानं धरायचा. "कुठे नेत नाही. कुरण इथेच आहे, तुम्हीही इथेच." तिने बराच वेळ बघितलं. "बाबा, बाहुलीवर ढग साचलाय. माझ्या मते हा मोतीबिंदू आहे. डॉक्टर बघतीलच, पण हा काढता येतो."

"काढता येतो?"

"बहुतेक वेळा."

आता तो खूश होईल असं मला वाटलं. पण त्याने विचारलं ते भलतंच.

"माझ्या बापाचंही असंच होतं. डोळ्यात ढग होता. मग तो... त्याचाही काढता आला असता?"

सॅबिनाने बापाचं डोकं पोटाशी धरलं. एवढ्या वर्षांत कुणी त्या दुसऱ्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात डोकावून बघितलंच नव्हतं. सगळे धरून चालले की डोळे गेले ते गेले. त्या दुपारी फेस्टी स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी रडला.

शरदात शहरातल्या इस्पितळात त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यात फार उशीर झाला होता. पण एक पुरला. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा लावून तो घरी आला, फाटकाशी डीलियाकडे टक लावून बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू गाढवाशी बोलत होतास तेव्हा," डीलिया म्हणाली.

कुंडीतली मी परत माझ्या जागी आले. सॅबिनाने मला पायरीशी लावलं, कॉव्हेंट्रीला परत जाण्याआधी. मागे राहिलेली मी आणि गेलेली मी महिन्याभरात मुळांनी एक झालो, आणि प्रवासाचं सगळं इथल्या मला तेव्हा कळलं.

आज पुन्हा मार्चची सुरुवात आहे, मित्रांनो. सकाळी फेस्टी डबी घेऊन आला. एकही पाऊल न मोजता आला. जुन्या पायरीच्या जागी वाकून त्याने शॅमरॉक शोधली, चष्म्यापाशी धरून निरखली, आणि डबीत ठेवली. मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, पुन्हा म्हणेल गाईला घाल. त्याने माझं एक मूळ अलगद सोडवलं आणि मलाही तिच्या शेजारी शेवाळात निजवलं. सोबतची चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे. ओळी वाकड्या आहेत, पण अक्षर त्याचं आहे. त्याने ती डीलियाला वाचून दाखवली, म्हणून मला ठाऊक: "यंदा दोन पाठवतोय. एक मी निवडलेली, एक डीलियाची. कुठली कुठली ते सांगत नाही, जूनमध्ये बघ. पण कोटावर दोन्ही लाव."

एवढं ऐकून मी किती मोठी झाले असेन, ते तुम्हीच ओळखा.

आता झाकण लागेल, म्हणून घाईने सांगते. तुमच्याही घरी एखादं म्हातारं माणूस असेल, कधीच न चुकणारं. ते एक दिवस चुकेल. चहात मीठ घालेल, तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारेल, चुकीचं रोप हातात देईल. तेव्हा हसा हवं तर, फेस्टीसुद्धा हसला. पण हसून झालं की ते रोप फेकू नका. कुंडीत लावा, पाणी घाला, आणि ते काय सांगतंय ते बघा. माझ्यासारखीला बोलायला तोंड नसतं, मित्रांनो. मला फक्त फुलता येतं.

शॅमरॉक शेजारी अंग चोरून बसली आहे. पहिलाच एकत्र प्रवास आमचा. तिला मी म्हटलं, घाबरू नकोस, उघडल्यावर समोर सॅबिना असते.